चाकणहून न्हावाशेव्याला कंटेनर सोडण्याआधी

व्हीजीएम. मागच्या खेपेला बाकी सगळं जागेवर होतं आणि हेच राहिलं, म्हणून यादी इथूनच सुरू. कंटेनर भरला, सील मारलं, ट्रेलर घाट उतरून खाली पोचला, तरी व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, लाइनकडे (जहाज कंपनीकडे) गेलेलं नसेल तर तो जहाजावर चढत नाही. १ जुलै २०१६ पासून हा जगभरचा नियम आहे, तिथे कोणाची ओळख चालत नाही. व्हीजीएम हा शब्द खाली पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

गिऱ्हाइकाला माल लवकर हवा असला की सगळे ट्रान्सपोर्टरच्या मागे लागतात. त्याने काय होणार? अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, ट्रेलर चालून चालून किती वेगात चालेल! वेळ जातो तो कारखान्याच्या आवारात आणि बंदराच्या गेटबाहेर. आणि जहाज चुकलं की त्याच सेवेचं पुढचं जहाज बहुधा आठवड्याने.

बुकिंग हातात येताच त्यातल्या तीन वेळा फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: गेट कधी उघडणार आणि कधी बंद होणार, शिपिंग इन्स्ट्रक्शन (मालपावतीसाठी लाइनला द्यायची माहिती) कधीपर्यंत द्यायच्या, आणि व्हीजीएम कधीपर्यंत. तिन्ही वेगळ्या असतात. गेटची वेळ कोणी विसरत नाही, कारण ट्रान्सपोर्टर दर तासाला फोन करतो. व्हीजीएमसाठी फोन कोणाचाच येत नाही. गेट उघडण्याच्या फार आधी गाडी खाली पाठवण्यातही शहाणपण नाही. ती उभी राहते आणि हॉल्टिंगचं (गाडी थांबवल्याचं) बिल तुमच्या नावावर चढतं.

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट वगैरे सांगायला नको. एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, मात्र बघा. आयजीएसटी न भरता निर्यात करत असाल तर ती दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावी लागते, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सीएचए (कस्टम्सचं काम बघणारा एजंट) विचारतो तेव्हा जुन्याच वर्षाची सापडते.

लाकूड. पॅलेटवर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का असतो, पुरवठादार तो मारूनच देतो. गोची होते ती ठोकळ्यांची. माल हलू नये म्हणून ऐन वेळी सुताराकडून चार फळ्या आणून ठोकल्या जातात, त्यांच्यावर शिक्का नसतो. युरोप, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात उघडून पाहिलं की एका बिनशिक्क्याच्या फळीपायी अख्खा कंटेनर अडतो. उष्णतेची प्रक्रिया असेल तर लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवलेला असला पाहिजे. ते तुमच्या आवारात होणारं काम नाही. शिक्क्याचे ठोकळे आधीच मागवून ठेवा, नाहीतर हवेच्या पिशव्या आणि पट्टे वापरा. आणि या ठोकळ्यांचंही वजन करायचं आहे, कशासाठी ते कळलंच असेल.

रिकामा कंटेनर आला की भरायची घाई करू नका. एक माणूस आत पाठवा, दोन्ही दारं बाहेरून लावून घ्या आणि त्याला वर-खाली, कोपऱ्यांत बघायला सांगा. कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला तर पावसाळ्यात तिथूनच पाणी येणार, कंटेनर परत. तळाची फळी ओली आहे का, मागच्या मालाचा वास आहे का, खिळे वर आलेत का. दाराचे रबर बघा. कंटेनर नंबर दारावरून कागदावर उतरवा: चार अक्षरं, सहा आकडे आणि चौकटीतला सातवा. ड्रायव्हरने व्हॉट्सॲपवर टाकलेल्या नंबरावर विसंबू नका, एक आकडा चुकला की शिपिंग बिलात (कस्टम्सकडच्या निर्यातीच्या अर्जात) दुरुस्ती करत बसाल. त्याच दारावर टेअर लिहिलेलं असतं, म्हणजे कंटेनरचं रिकामं वजन. त्याचा फोटो आत्ताच काढा. भरून दार लावल्यावर ट्रेलरवर चढून कोण वाचणार? व्हीजीएमसाठी तोच आकडा लागतो.

भरताना: १२०० बाय १००० मिलिमीटरची पॅलेट असेल तर २० फुटी कंटेनरच्या तळावर १० बसतात, त्याहून जास्तीचा हट्ट नको. आतली उंची २.३९ मीटर असली तरी साध्या कंटेनरचं दार २.२८ च्या आसपासच असतं, आणि फोर्कलिफ्टला पॅलेट थोडी उचलावी लागते, २.१ मीटरपेक्षा उंच पॅलेट बांधू नका. फोर्कलिफ्टचा मास्ट आत छताला लागत नाही ना, हे आदल्या दिवशी पाहा. ट्रेलरवरच्या कंटेनरचा तळ जमिनीपासून मीटरभराहून बराच वर असतो, म्हणून डॉक नसेल तर रॅम्प लागतो, आणि रॅम्पच्या टायरमध्ये हवा आहे का हे नेमकं त्याच दिवशी कळतं. वजन एका टोकाला नको. निम्म्या लांबीत ६० टक्क्यांहून जास्त भार आला तर घाटात ट्रेलर त्रास देतो आणि बंदरात क्रेनवर कंटेनर तिरका होतो. ओलावा शोषणाऱ्या पिशव्या शेवटी टांगा. फोटो चार: रिकामा, अर्धा, भरलेला, सील लावलेलं दार.

आता काटा. सगळ्यांची ठरलेली चूक अशी: पॅकिंग लिस्टवरचं ग्रॉस वेट उचलायचं आणि व्हीजीएमच्या रकान्यात टाकायचं. त्यात कंटेनरचं वजन धरलेलं नसतं! २० फुटी कंटेनर रिकामा सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, ४० फुटी हाय क्यूब चार टनांच्या जवळ. एवढा फरक काट्यावर लपत नाही. हिशेब असा: माल पेट्यांसकट १७,४०० किलो, १० पॅलेट प्रत्येकी २२ किलो म्हणजे २२०, ठोकळे-पट्टे ६०, कंटेनरचं टेअर २,२३०, एकूण १९,९१०. हा आकडा व्हीजीएम. दुसरा मार्ग काट्याचा, आणि तो हिशेबाला ताळा म्हणून कराच. ट्रेलर रिकाम्या कंटेनरसकट एकदा काट्यावर घ्या, भरल्यावर त्याच काट्यावर पुन्हा. दोन्ही पावत्यांतला फरक म्हणजे आत गेलेलं सगळं, त्यात टेअर मिळवा. मध्ये डिझेल भरू देऊ नका, आणि दोन्ही वेळा ड्रायव्हर आत किंवा दोन्ही वेळा बाहेर. काट्याचा वैधमापनाचा दाखला चालू आहे का विचारा. बेरीज कंटेनरवरच्या कमाल एकूण वजनाच्या आत हवी (बहुतेकांवर ३०,४८० असतं), पण ट्रेलरच्या आरसीवरचं वजन त्याआधी आडवं येतं.

आकडा निघाला म्हणजे व्हीजीएम झालं नाही. ते निर्यातदाराच्या अधिकृत माणसाच्या नावाने लाइनकडे गेलं पाहिजे आणि पोच आली पाहिजे. तो माणूस त्या दिवशी रजेवर असेल तर दुसरं नाव आधीच नोंदवून ठेवा. बहुतेक लाइन व्हीजीएम हाती आल्याशिवाय फॉर्म १३ (कंटेनर बंदरात नेण्याचा परवाना) सोडत नाहीत, आणि फॉर्म १३ नसेल तर गेट नाही. “फॉरवर्डर (जहाजाचं बुकिंग करून देणारा) भरेल” हे वाक्य आवारात बंद करा. फॉरवर्डरला वाटतं तुम्ही भरलं, तुम्हाला वाटतं त्याने भरलं. एका माणसाचं नाव लिहा, त्याच्याकडून पोचेचा स्क्रीनशॉट घ्या, मगच कारखान्याचं गेट उघडा.

सील: लाइनचं वेगळं, कस्टम्सचं आरएफआयडी ई-सील वेगळं. ई-सीलच्या नोंदीत शिपिंग बिल, कंटेनर आणि गाडी, तिन्हींचे नंबर जातात. वाटेत ट्रेलर बिघडून दुसरा हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) लावला तर गाडीचा नंबर बदलतो, तो तिथेही बदला आणि ई-वे बिलाच्या (जीएसटीच्या माल-वाहतुकीच्या कागदाच्या) पार्ट बी मध्येही. ई-वे बिल २०० किलोमीटरपर्यंत एका दिवसाचं, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. वाटेत अडकलात तर मुदत संपण्याच्या आधी ८ तास ते नंतर ८ तास एवढ्यातच वाढवता येते.

निघायची वेळ: शुक्रवार संध्याकाळ आणि जोडसुट्टी टाळा, बोरघाट भरलेला असतो. ड्रायव्हरकडे कागदांची एक छापील प्रतही द्या, मोबाइलची बॅटरी संपते.

खाली टर्मिनल कोणतं ते तोंडी सांगू नका, लिहून द्या. एनएसआयसीटी आणि एनएसआयजीटी या दोन टर्मिनलांच्या नावांत एका अक्षराचा फरक आहे. बाकी पार्किंग प्लाझा, कस्टम्सचं एलईओ (निर्यातीची मंजुरी), गेट-इन हे सीएचए बघतो. दर टप्प्याला मेसेज मागा, एवढंच.

जहाज सुटल्यावर ईजीएममध्ये (जहाजावरच्या मालाच्या कस्टम्सकडच्या यादीत) शिपिंग बिल आलं का ते पाहा, नाहीतर परतावा अडकतो. बीएलचा (जहाज कंपनीच्या मालपावतीचा) मसुदा आला की पत्ता, सील नंबर आणि वजन वाचा. तिथे ग्रॉस वेटच्या रकान्यात पॅकिंगसकट मालाचं वजन येतं, १७,६८० सारखं. व्हीजीएम तिथे टाकायचं नाही.