अल्प प्रतिजैविकाच्या सान्निध्यात जीवाणूंमधील जनुक-हस्तांतर कसे मोजावे

जीवाणूंची वाढ थांबवू न शकणाऱ्या, अल्प प्रमाणातील प्रतिजैविकामुळे प्रतिरोधाची जनुके एका पेशीकडून दुसरीकडे अधिक वेगाने जातात का, हे तपासणारा प्रयोग मांडायला सोपा आहे, मात्र त्याचा अर्थ लावताना एक चूक फार सहज होते. शेवटी प्लास्मिड (अशी जनुके वाहून नेणारा, गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा तुकडा) मिळालेल्या पेशी जास्त दिसतात आणि हस्तांतर वाढले असे मानले जाते; प्रत्यक्षात हस्तांतर पूर्वीइतकेच होऊन, ज्यांना प्लास्मिड मिळाले त्यांचीच वाढ इतरांपेक्षा अधिक झालेली असू शकते. हस्तांतर आणि निवड यांची ही सरमिसळ टाळणे, यातच या कामाचे खरे कौशल्य आहे.

वाण म्हणून एश्चेरिशिया कोलायचा निरुपद्रवी के-१२ घ्यावा. लेडरबर्ग आणि टेटम यांनी १९४६ साली जीवाणूंमधील संयुग्मन, म्हणजे पेशींच्या थेट संपर्कातून होणारे जनुक-हस्तांतर, याच वाणात दाखवले होते. दात्यामध्ये, म्हणजे प्लास्मिड देणाऱ्या पेशीत, आरपी४ हे प्लास्मिड असावे आणि ते घेणारी ग्राही पेशी गुणसूत्रातील उत्परिवर्तनामुळे रिफाम्पिसिनला प्रतिरोधक असावी. आरपी४ अँपिसिलिन, कॅनामायसिन आणि टेट्रासायक्लिन यांना प्रतिरोध देते, म्हणून परिणाम तपासण्यासाठी या तिघांपैकी एकही प्रतिजैविक वापरू नये, नाहीतर निवड प्रयोगात आपणच घुसवल्यासारखे होईल. सिप्रोफ्लॉक्सासिन येथे सोयीचे ठरते, कारण त्याविरुद्ध हे प्लास्मिड संरक्षण देत नाही.

त्यानंतर दाता, ग्राही आणि प्लास्मिड मिळालेली ग्राही पेशी या तिघांचीही किमान रोधक संहती (वाढ थांबवणारे प्रतिजैविकाचे सर्वांत कमी प्रमाण) स्वतंत्रपणे काढावी. प्रतिजैविक दुपटीच्या पायऱ्यांनी विरळ करत न्यावे, दर मिलिलीटरला सुमारे ५ लाख पेशी सोडाव्यात आणि ३५ अंश सेल्सिअसला १६ ते २० तासांनी वाढ पाहावी. तिघांपैकी सर्वांत संवेदनशील पेशीच्या आकड्याचा एक चतुर्थांश, एक अष्टमांश, एक षोडशांश अशा मात्रा निवडाव्यात. मात्र संयुग्मनाच्या वेळी पेशींची दाटी यापेक्षा शेकडो पटींनी जास्त असते, त्यामुळे त्या दाटीतही प्रत्येक मात्रेत तिघांचा वाढीचा वेग मोजावा. तो जिथे एकमेकांपासून वेगळा पडतो, तिथे निवड सुरू झाली असे समजावे. प्रतिरोधी पेशींची निवड किमान रोधक संहतीच्या कितीतरी खालीही होऊ शकते, हे सिद्ध झालेले आहे.

आरपी४चे पिलाय (पेशींना एकमेकींशी जोडणारे तंतू) ताठ असल्याने द्रवापेक्षा घन पृष्ठभागावर हस्तांतर कितीतरी चांगले होते. म्हणून वेगाने वाढणारे दाता आणि ग्राही समप्रमाणात मिसळून ते गाळणपटलावर घ्यावेत आणि हे पटल प्रतिजैविकाची ठरलेली मात्रा असलेल्या आगरवर (जीवाणू वाढवण्याच्या घट्ट माध्यमावर) ठेवावे. हा काळ अर्धा ते एक तासच असावा. रात्रभर ठेवल्यास प्लास्मिड मिळालेल्या नव्या पेशींची वाढच आकड्यावर मात करते. नंतर पेशी धुऊन प्रतिजैविक काढून टाकावे, दहापटींनी विरळ करावे आणि केवळ रिफाम्पिसिन, केवळ कॅनामायसिन व दोन्ही असलेल्या आगरवर पसरावे. पहिल्यावर सर्व ग्राही, दुसऱ्यावर प्लास्मिड असलेल्या सर्व पेशी आणि तिसऱ्यावर केवळ प्लास्मिड मिळालेले ग्राही वाढतात.

नियंत्रणांत काटकसर करू नये. केवळ दाता आणि केवळ ग्राही दोन्ही प्रतिजैविके असलेल्या आगरवर पसरल्यास उत्स्फूर्त उत्परिवर्ती कळतात. डीएनएज (मुक्त डीएनए तोडणारे विकर) मिसळलेल्या नमुन्यातही हस्तांतर टिकले, तर मुक्त डीएनएद्वारे होणारे रूपांतरण बाजूला पडते. दाता व ग्राही वेगवेगळे ठेवून अगदी पसरण्याच्या क्षणी एकत्र केले, तर निवडीच्या आगरवरच किती संयुग्मन झाले ते समजते, आणि हा आकडा वजा करावा लागतो. हे नियंत्रण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, तरी तेच बहुधा वगळले जाते.

मोजणीत नव्या पेशींना केवळ दात्यांच्या संख्येने भागू नये: प्रतिजैविकाने दाते मेले की हा भागाकार हस्तांतर न वाढताही फुगतो. दाते, ग्राही आणि नव्या पेशी या तिन्हींच्या मूळ संख्या नोंदवाव्यात, वेगवेगळ्या दिवशी किमान तीन स्वतंत्र प्रयोग करावेत आणि तुलना लघुगणकी मापावर करावी.

वाढ खरोखर दिसली, तर कारण शोधावे. सिप्रोफ्लॉक्सासिनमुळे डीएनएला इजा होते, रेकए प्रथिन सक्रिय होते आणि एसओएस प्रतिसाद, म्हणजे डीएनए दुरुस्तीची आणीबाणीची यंत्रणा, सुरू होतो. कॉलऱ्याच्या जीवाणूतील एसएक्सटी या हस्तांतरक्षम घटकाचा दमनकारक (त्याची जनुके बंद ठेवणारे प्रथिन) याच मार्गाने निकामी होऊन त्याचे हस्तांतर वाढते. म्हणून रेकए नसलेला दाता घेऊन प्रयोग पुन्हा करावा; तेव्हा वाढ नाहीशी झाली, तर कारण एसओएस असावे. हा दाता प्रतिजैविकाला अधिक संवेदनशील असल्याने त्याची किमान रोधक संहती नव्याने काढूनच मात्रा ठरवाव्यात, अन्यथा एसओएसचा अभाव आणि पेशींचा मृत्यू यांत फरक करता येत नाही.

प्रयोग संपल्यावर नव्याने प्रतिरोधक झालेल्या पेशींसह सर्व साहित्य १२१ अंश सेल्सिअसला ऑटोक्लेव्ह करूनच टाकावे.