वजन शंभरच्या पुढे, उंची सहा फुटांच्या वर? बाइक आपल्या मापाची बनवताना या चुका टाळा

माझी उंची सहा फूट दोन इंच आणि वजन ११८ किलो, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं कळेल. राहतो ठाण्यात, ऑफिस बेलापूरला. रॉयल एनफिल्डची सेकंड हँड हिमालयन ४११ बाइक घेतली तेव्हा बायको म्हणाली सर्कशीतलं अस्वल सायकलवर बसल्यासारखं दिसतंय. मग म्हटलं आता ही आपल्या मापाचीच करायची, आणि तिथून जे पैसे घालवलेत ना, त्यातले निम्मे तरी तुमचे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक सगळेच करतात, सायलेन्सरपासून सुरुवात. जाड माणूस म्हणजे गाडीला ताकद कमी पडणार असं आपणच ठरवून टाकतो. पण बसायला जागा नाही आणि मागचा शॉकअप खाली टेकलाय, तर आवाज वाढवून काय मिळणार? पिकअपच हवा असेल तर पुढचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) १५ दातांचा असल्यास १४चा लावा, सात टक्क्यांच्या आसपास गिअरिंग खाली येतं, चढावर फरक लगेच कळतो. हायवेला इंजिन जास्त ओरडेल, ते चालवून घ्यायचं.

आता मुख्य भानगड, सस्पेन्शन. गायमुखच्या घाटात गाडी वळणाबाहेर पळायची, पुढचं हलकं वाटायचं, आणि रात्री पाम बीच रोडला समोरचे सगळे मला डिपर मारायचे. मी हँडलचे बेअरिंग बदलले, टायर बदलला, हेडलाइट खाली केला. कारण एकच होतं, माझ्या वजनाने मागचं बूड बसत होतं, त्यामुळे फोर्क (पुढचं चाक धरणारे स्प्रिंगचे दांडे) जास्त तिरका व्हायचा आणि लाइट झाडांवर जायचा. यात गाडीचा काही दोष नाही, कंपनी स्प्रिंग सरासरी माणूस धरून बसवते आणि आपण त्या सरासरीत नाही.

हे घरीच मोजता येतं, फक्त दोन माणसं मदतीला घ्या. गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक हवेत, चाकाच्या एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत टेप लावा. मग स्टँड काढून हेल्मेट, जॅकेट, बूट, लॅपटॉपची बॅग सगळं घालून बसा (मी असा १३० किलो भरतो, घरच्या काट्यावर बघून धक्का बसला), पाय फूटरेस्टवर, एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं. फरक एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे चाक जास्तीत जास्त जितकं वर-खाली होऊ शकतं त्याच्या, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास हवा. या गाडीला मागे १८० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे साधारण ६०. माझे ८५ आले.

इथे पुढची चूक. सी स्पॅनर (शॉकअपची रिंग फिरवायचा पाना) घेऊन प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग, फुल आवळला आणि खूश झालो. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही हो, फक्त गाडी वर उचलली जाते. ओळखायचं कसं, तर बसल्यावर माप बरोबर येतंय पण तुम्ही उतरल्यावर गाडी स्वतःच्या वजनाने जराही दबत नाही, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊच आहे, बदला. घेताना दुकानदाराला तयारीनिशी असलेलं वजन सांगा, लग्नाआधीचं नको. आणि फक्त मागची बदलून थांबू नका, मग ब्रेक मारला की पुढचं नाक घासतं. पुढे मी शहाणपणा करून फोर्कमध्ये जाड ऑइल टाकलं होतं, त्याने फोर्कची हालचाल मंद होते, वजन पेलत नाही, मुंब्रा बायपासच्या खड्ड्यांत मनगटं गेली. पुढेही स्प्रिंगच लागते.

चेनचा ताण रिकाम्या गाडीवर सेट करून दिला तर पुन्हा तपासा. आपण बसलो की स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) वर जातो आणि चेन ताणली जाते, जास्त ताणली तर स्प्रॉकेट आणि बेअरिंग दोन्ही खाते. तुम्ही बसलेले असताना दुसऱ्याने हात लावून बघावं.

गुडघे दुखत असतील तर आधी सीट उंच करा, फूटरेस्ट नंतर. फूटरेस्ट खाली घेतले की वळणात घासतात, शिवाय गिअर आणि ब्रेकचा लिव्हरही खाली आणावा लागतो. सीटला फोम घट्ट घ्या, मऊ फोम दुकानात गादीसारखा वाटतो आणि तासाभरात खालचा पत्रा लागतो. हँडल उंच केलं तर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, इंजिन चालू ठेवून. रेस आपोआप वाढली किंवा ब्रेकचा पाइप ताणला तर लांब वायर आणि पाइप घ्या, जुगाड नको.

टायरवर साइजच्या शेवटी तो किती वजन पेलतो त्याचा आकडा असतो, ६२ म्हणजे २६५ किलो, ६६ म्हणजे ३००, तेही हवा पूर्ण असेल तर. पंपावरचा पोरगा स्वतःच्या मनाने भरतो, स्वतःचा गेज ठेवा. गाडीच्या कमाल वजनात तुम्ही, मागचा माणूस, क्रॅश गार्ड, कॅरिअर सगळं मोजलं जातं. लोखंड लावत सुटलात तर तुमच्याच वाट्याचे किलो जातात.

फ्रेम कापणं, स्विंगआर्म लांब करणं, दुसरं इंजिन, याच्या नादी लागूच नका. गाडीतल्या बदलांबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलंय. इन्शुरन्सवालेही मग हात वर करू शकतात.

एक राहिलंच, सीट उंच करताना मागे बसणाऱ्यालाही बोलवा. मी नाही बोलवलं. आता बायको सोसायटीच्या कट्ट्यावर चढते आणि मी गाडी कट्ट्याला लावतो.