जुन्या मॅचबॉक्स गाड्यांचे बॉक्स जमवताय? मग या चुका टाळा

मॅचबॉक्स म्हणजे लेसनी या इंग्लिश कंपनीच्या खेळण्यातल्या छोट्या गाड्या. गाडी धातूची असते, पडली तर रंग उडेल पण गाडी राहील. बॉक्सचं तसं नाही, तो साधा पातळ पुठ्ठा, आणि मुलांनी पहिल्याच दिवशी फाडून फेकलेला, त्यामुळे ५०-६० वर्षांपूर्वीचा शाबूत बॉक्स हाती आला की माझा तर जीव त्यावरच जडतो, गाडी नंतर बघतो.

सगळ्यात मोठी चूक सेलोटेपची. फ्लॅप सुटला की लोक पट्टी मारतात, काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून पुठ्ठ्यात मुरतो आणि तो डाग परत निघत नाही. आधीच कोणी टेप लावली असेल तर ओढू नका. मी ओढली होती, ४१ नंबरच्या फोर्ड जीटीच्या बॉक्सवरची, टेपबरोबर छापील कागदाचा थर निघून आला आणि चित्रातल्या गाडीचं पुढचं चाकच गेलं, खाली करडा पुठ्ठा दिसायला लागला. अजून वाईट वाटतं. टेप सुकून आपोआप सुटत असेल तर सुटू द्या, नाहीतर आहे तशी राहू द्या. थिनर, पेट्रोल असलं काही लावू नका, शाई पसरते.

दुसरी चूक म्हणजे फक्त नंबर बघून गाडी आणि बॉक्सची जोडी लावणं. लेसनी कंपनी १ ते ७५ हेच नंबर पुन्हा पुन्हा वापरायची, ४१ नंबरला १९५७ मध्ये डी-टाइप जॅग्वार होती आणि १९६५ मध्ये फोर्ड जीटी आली. म्हणजे नंबर जुळला तरी जोडी चुकीची असू शकते, नंबरासोबत नाव आणि चित्र तिन्ही बघा. सुरुवातीच्या बॉक्सवर मोको हे वितरकाचं नावही असतं, नंतरच्यांवर नुसतं लेसनी. १९६९ पासून सुपरफास्ट नावाच्या, जास्त वेगाने धावणाऱ्या गाड्या आल्या, त्यांची पातळ चाकं आणि बॉक्सवरचा तो शब्द, तेही ताडून बघा.

नकली बॉक्स भरपूर फिरतात. भिंग घेऊन रंगाचा सपाट भाग बघा, घरगुती प्रिंटरची शाई बारीक विखुरलेल्या ठिपक्यांसारखी दिसते. अल्ट्राव्हायलेट टॉर्चखाली कागद निळसर चमकला तर संशय घ्या, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका, १९५० नंतरच्या काही खऱ्या कागदांतही चमक आणणारी रसायनं असतात. फ्लॅपच्या आत काही खरवडल्यासारखं दिसलं तर विचारा, कारण प्रामाणिक लोक तिथेच 'रिप्रो', म्हणजे नक्कल, असं छापतात आणि पुढचा कोणीतरी ते खरवडतो.

आता साठवणूक. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर बॉक्स कपाटात घराच्या बाहेरच्या भिंतीकडच्या बाजूला ठेवू नका, ओल येते, बुरशी येते आणि कसर तर खळीवर ताव मारतेच. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या मधून मधून बदला किंवा वाळवा, ओल्या झालेल्या पुडीचा काही उपयोग नाही. स्वस्त मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्या चिकट होतात आणि छपाई त्यांना चिकटते, पॉलिस्टरचं कव्हर घ्या. उन्हात शोकेस ठेवलात तर लाल आणि पिवळा आधी फिका पडतो, पडदा लावा. लॅमिनेशन तर करूच नका.

आणि बॉक्स उघडताना नखाने फ्लॅप उचकटू नका.