श्रीलंकेचा दक्षिण किनारा: मे महिन्यात नको

मराठवाड्यातल्या उन्हाळ्याला कंटाळून पोरांच्या मे महिन्याच्या सुट्टीत श्रीलंकेचं तिकीट काढत असाल, तर जरा थांबा. मे ते सप्टेंबर तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. समुद्र खवळलेला, पोहणं धोक्याचं. डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. याच किनाऱ्यावरच्या मिरिसा गावाहून निळे देवमासे बघायला बोटी निघतात, त्याही याच दिवसांत. बोटीत मळमळ होतेच, तेव्हा पोटभर नाश्ता करून चढू नका.

कोलंबो फोर्ट स्टेशनहून दक्षिण किनाऱ्यावरच्या गॉल शहराला टॅक्सीनं जाऊ नका, रेल्वेनं जा. जाताना उजव्या बाजूची खिडकी धरा, रूळ बराच वेळ लाटांना चिकटून जातात. गॉलचा किल्ला आधी पोर्तुगिजांचा, मग डचांनी वाढवला. १९८८ पासून तो जागतिक वारसा आहे. आपला दौलताबाद बघितलेल्याला उंची फारशी वाटणार नाही, पण याच्या तटबंदीच्या आत आजही लोक राहतात, शाळा भरतात. तटावर संध्याकाळी चारनंतरच जा, दुपारी दगड भाजतात. पुढे दोंद्रा इथं दीपगृह आहे, ते बेटाचं दक्षिण टोक.

शाकाहारी असाल तर नारळाच्या चटणीबद्दल, म्हणजे पोल संबोलबद्दल, आधी विचारा. त्यात बऱ्याचदा सुक्या मासळीचा चुरा असतो, आणि तो दिसत नाही. ‘मालू एपा’ म्हणजे ‘मासे नकोत’, एवढं सिंहली पाठ करा. शिवाय दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आहेच सोबत.