रुग्णाच्या खाटेपाशी शिकताना

कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात गगनबावड्यापासून चंदगडपर्यंतची माणसं बरं व्हायला येतात, वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवायला नाही. तरीही ती शिकवतात, म्हणून वॉर्डातलं पहिलं काम परवानगी मागण्याचं. स्टूल ओढून बसा, ओळखपत्र दिसू द्या आणि सांगा, "नमस्कार मामा, मी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला शिकतोय. तुमचे डॉक्टर वेगळे आहेत. तुमच्याशी पंधरा मिनिटं बोलू का? नको म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. ॲप्रन बघून पुष्कळ जण नाही म्हणायला धजत नाहीत. मान हलली पण तोंड भिंतीकडे वळलं, तर तो नकारच.

मग "काय त्रास होतोय?" एवढंच विचारून गप्प राहा. 1984 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर सरासरी 18 सेकंदांतच रुग्णाला मध्ये तोडताना दिसले. पुढे स्वित्झर्लंडमधल्या अभ्यासात, कुणी अडवलं नाही तर रुग्ण सरासरी दीड मिनिटात आपणहून थांबले. तेवढा वेळ कुठल्याही ओपीडीत निघतो.

"धाप लागतीया", "पोटात कळ मारतीया" हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. लगेच 'डिस्पनिया' हा वैद्यकीय शब्द लिहिला की धाप चढावर लागते की आडवं पडल्यावर, हे विचारायचं राहून जातं. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला मिश्री लावणारी आजी अगदी खरेपणाने "नाही" म्हणते. मिश्री, मळलेली तंबाखू, गुटखा, सगळं वेगवेगळं विचारा. दारू, पाळी, गर्भपात हे प्रश्न नातेवाईक बाहेर गेल्यावरच. सासू शेजारी बसलेली असताना सुनेनं दिलेल्या उत्तरावर निदान उभं करू नका.

कामधंदा विचारणं ही नुसती औपचारिकता नाही. भाताच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला ताप आला तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) विचार करावा लागतो. ऊसतोड मजुरानं मुकादमाकडून उचल घेतलेली असते. "आठ दिवस ॲडमिट राहा" ऐकून तो रात्रीतच निघून गेला, तर त्याला बेजबाबदार ठरवू नका. ही अडचण पहिल्याच दिवशी कळली, तर रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना मदतीसाठी वेळेत बोलावता येतं.

तपासण्याआधी हात स्वच्छ करा, पडदा ओढा, स्टेथोस्कोप तळहातावर गरम करा. स्त्री रुग्णाला तपासताना सिस्टर किंवा मैत्रीण सोबत हवीच. पोट दुखत असेल तर दुखरी जागा सगळ्यात शेवटी, आणि नजर हातावर नको, चेहऱ्यावर हवी. दुखरं पोट गटातल्या एकदोघांनीच तपासावं. दहा जणांनी दाबलं की रुग्ण पोट आवळून धरतो. त्याला विनाकारण यातना होतात आणि पुढच्या हातांना खरं काही लागतही नाही.

राउंडला खाटेच्या पायथ्याशी इंग्रजीत चर्चा चालते तेव्हा रुग्ण प्रत्येक चेहरा वाचत असतो. शक्यतांची यादी वॉर्डाबाहेर करा. "मला काय झालंय?" असं त्यानं तुम्हाला विचारलं, तर अंदाज सांगू नका आणि "काही नाही हो" असं खोटंही बोलू नका. "तुमच्या डॉक्टरांना विचारून सांगायला लावतो" म्हणा आणि त्याच दिवशी परत या. बरेच विद्यार्थी इथे चुकतात: निरोप पोचवतात, पण परत जात नाहीत. रुग्णाचा विश्वास तिथेच तुटतो.

कोल्हापुरात कोण कुणाचा पाव्हणा निघेल याचा नेम नाही. केएमटीच्या बसमध्ये, मेसमध्ये, चहाच्या गाड्यावर नाव न घेता सांगितलेली केसही गावावरून ओळखू येते. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या एक्स-रेवरच्या नावाचंही तेच.

गोळ्या समजावल्यावर "कळलं का?" विचारू नका, उत्तर "व्हय" असंच येतं. "घरी गेल्यावर सूनबाईंना या गोळ्या कशा सांगाल?" असं विचारा. सांगताना चुकलं तर आपलं समजावणं कमी पडलं असं धरून पुन्हा, पाकिटावर खूण करून सांगा.

पोस्टिंग संपताना रुग्णाला तसं कळवा आणि उद्यापासून कोण येणार, त्याची ओळख खाटेपाशीच करून द्या.