भात उंच वाढतंय, दाणा बारीक राहतोय? या चुका टाळा

भात लोळलं की वाऱ्याला शिव्या आणि दाणा बारीक राहिला की खताला, हे जरा थांबवा. उंची आणि दाणा हे दोन वेगळे हिशोब आहेत आणि दोन्ही बरेचसे बियाण्यातच ठरलेले असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक रोपवाटिकेतली. मधेच काही रोपं उंच, बारीक, फिकट पिवळी दिसतात, लोक जोमदार समजून लावतात नाहीतर पिवळी म्हणून वर युरिया टाकतात. अहो, तो बकाने रोग आहे! फ्युजॅरियम बुरशी स्वतःच जिबरेलिन हार्मोन बनवते नि रोप ताणलं जातं, खरंतर या हार्मोनचा शोधच या रोगामुळे लागला, १९२६ मध्ये तैवानात जपानी शास्त्रज्ञ कुरोसावांनी दाखवलं की बुरशीच्या नुसत्या गाळलेल्या द्रावणानेही रोपं लांबतात. रोपाच्या जीनचा (जनुकाचा) यात संबंध नाही. अशी रोपं उपटून नष्ट करा, पुढच्या वेळी बियाणं निरोगी शेतातलं घ्या, ३ टक्के मिठाच्या पाण्यात तरंगणारं काढून टाका, बाकीचं धुऊन सुकवून बुरशीनाशक चोळा. पण सगळं खाचरच एकसारखं उंच असेल तर बहुतेक वाणच तसा.

आंबेमोहोर असाच उंच. त्याला ठेंगण्या वाणाइतका युरिया दिला तर तो लोळणारच. तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या ठेंगण्या भातात एसडी-१ या जीनमधला डीएनएच्या ३८३ अक्षरांचा तुकडाच गायब आहे, म्हणून जिबरेलिन बनवणारं एक एन्झाइम निकामी आणि पेरं आखूड, फुलोऱ्यात मात्र तेच काम दुसरा जीन सांभाळतो त्यामुळे लोंबीचं काही अडत नाही, आणि हीच खरी कमाल. फिलिपिन्सच्या इरीने (आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने) त्याचा इंडोनेशियाच्या पेटा या वाणाशी क्रॉस करून १९६६ ला आयआर-८ हा ठेंगणा वाण आणला. आपली इंद्रायणी म्हणजे आंबेमोहोर १५७ आणि याच आयआर-८ चा क्रॉस.

यावरून ठेंगणं भात म्हणजे बारीक दाणा असं धरून चालू नका. ब्रासिनोस्टेरॉइड या वाढीच्या हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश घेणारा भाग, बिघडला तर झाडही खुजं आणि दाणाही लहान, पण एसडी-१ चं तसं नाही. दाण्याच्या लांबीला जीएस-३ आणि रुंदीला जीडब्ल्यू-२ हे जीन ब्रेक लावतात, जीएस-३ बिघडलेला असला की दाणा लांब होतो.

फुलोऱ्यानंतर दाणा लांब करायला टॉनिक मारणं म्हणजे पैसे पाण्यात. तूस आधीच तयार झालेलं असतं, तांदूळ त्या मापाबाहेर जात नाही, तेव्हा फक्त भरणं उरतं. पोचट दाणे जास्त असतील तर पाण्याचा ताण, ऊन, किडी हे बघा. जिबरेलिनची फवारणी हायब्रीड बियाणं बनवणारे करतात, कारण त्यांच्या नर-वंध्य (ज्यांचे परागकण निकामी असतात अशा) झाडांची लोंबी पूर्ण बाहेर पडत नाही, तुमच्या भाताला त्याची गरज नाही, उलट पेरं लांबून लोळायचा धोका.

आणि हायब्रीडचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरलंत तर कुठे ठेंगणं कुठे उंच असं निघेल, दाणाही मिसळ, त्यावर कुठलंच औषध नाही, बी नवीनच घ्यावं लागतं.