देवाच्या फुलांनंतरची चैन: फुलदाणी आठवडाभर टिकवताना

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर देवीसाठी वेणी-हार घेताना मन मोकळं असतं. घरच्या फुलदाणीसाठी गुलाबाची जुडी घेताना मात्र हात अडखळतो. घ्यायचीच तर नीट निवडून घ्या.

गुलाबाची कळी देठाजवळ हलकेच दाबा, घट्ट लागली पाहिजे. निशिगंधाची खालची दोन-तीनच फुलं उमललेली बघा. जरबेऱ्याचा देठ मानेशी लवत असेल तर सोडून द्या.

घरी आल्यावर पाण्याखाली जाणारी पानं काढा, धारदार सुरीने देठ २-३ सेंमी तिरका कापा. कात्रीने देठ चेपतो. एक लिटर पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबूरस, ब्लीचचे चार-पाच थेंब. नुसती साखर घातली तर जिवाणूच पोसले जातात, पाणी बुळबुळीत होतं.

जरबेऱ्याला पाणी पाचेक सेंमीच. त्याचा केसाळ देठ लगेच कुजतो. गुलाबाने मान टाकली म्हणजे देठात हवा अडकली किंवा जिवाणूंचा बोळा बसला. पुन्हा कापा, वर्तमानपत्रात ताठ गुंडाळून तासभर कोमट पाण्यात उभा ठेवा, बहुतेकदा सावरतो.

पाणी दिवसाआड बदला. आणि फुलदाणीशेजारी पिकली केळी नकोत, त्यांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर गळतात.